रशियाची हरकत

जबलपूरच्या ज्या कॉलेजात मी शिकवत होतो, तिथे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक ऐच्छिक पेपर होता. ध्रुवीय प्रदेश आणि मोठ्या देशांचं परराष्ट्र धोरण. नाव ऐकलं की लोक विचारत, म्हणजे भूगोल का? भूगोल नाही, राज्यशास्त्र. पृथ्वीच्या दोन्ही टोकांना जो बर्फाचा भाग आहे तिथे कोणाचा कायदा चालतो, कोण ठरवतं, कोण अडवतं, एवढंच त्यात होतं. एप्रिलमध्ये वर्गातल्या कूलरचं पाणी संपलं की तो गरम हवा फेकायचा, आणि मी फळ्यावर अंटार्क्टिकाचा नकाशा काढत असायचो. त्यावर मुलं जे विनोद करत ते दर वर्षी तेच असत. मीही दर वर्षी हसत असे.

हा पेपर माझा नव्हता. तो माझ्या मॅडमनी सुरू केला होता. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून या भागात आहे. मी मझौली गावाहून या कॉलेजात शिकायला आलो तेव्हा त्या विभागप्रमुख होत्या. आमचंही घर मराठीच, पण मझौलीच्या शाळेत सगळं शिक्षण हिंदीत झालेलं. वडिलांची पिठाची चक्की. घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मीच पहिला. मला मराठी बोलता यायची, लिहिता येत नव्हती. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घरी जे बोलतोस ते कागदावर उतरलंच पाहिजे," आणि दर शनिवारी एक पान लिहून आणायला सांगितलं. ती पानं लाल होऊन परत येत. आज हे मी ज्या भाषेत लिहितो आहे ती मला त्या लाल शाईतून मिळाली. त्याबद्दल त्यांचे आभार मानायला मला कधी नीट जमलं नाही, म्हणून इथे मानतो.

मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या जागेवर कायमची नेमणूक झालीच नाही. मी अतिथी विद्वान म्हणून लागलो. मध्य प्रदेशात कंत्राटी प्राध्यापकाला हे नाव आहे. ऐकायला छान वाटतं. अर्थ असा की तासिका आहेत तोवर तुम्ही आहात. तासिका गेल्या की तुम्ही 'फॉलन आउट'. हा शब्द आम्ही एकमेकांबद्दल अगदी सहज वापरतो, अमक्याची बदली झाली म्हणावं तसा. माझ्या बहुतेक तासिका या बर्फाच्या पेपराच्याच होत्या.

वडिलांना मी काय शिकवतो हे समजून घ्यायची हौस होती. मी कॉलेजात शिकवतो हे ते चक्कीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मग कोणी पुढचा प्रश्न विचारला की अडत. म्हणून एकदा त्यांनी मला बसवून विचारलं.

"मग तिथली जमीन कोणाच्या नावावर आहे?"

"दक्षिणेकडची कोणाच्याच नाही. सात देश म्हणतात आमची आहे. त्यातल्या तिघांचे तुकडे तर एकमेकांवर आले आहेत."

"मग भांडून नाही राहिले?"

"करार झाला आहे ना. कोणी आपला हक्क सोडला असं नाही, आणि कोणी तो बजावायचाही नाही."

"म्हणजे स्टे लागून आहे."

"तसंच समजा."

"किती सालापासून?"

"तुमच्या जन्माच्या आधीपासून."

"अच्छा," बाबा म्हणाले. "वकील लोकांचं बरं चाललं असेल."

हे मी वर्गात सांगत असे. मुलं हसत, आणि करार त्यांच्या डोक्यात राहत असे.

मॅडम हा पेपर शिकवत तेव्हा त्यांची सुरुवातीची वाक्यं ठरलेली असत. जिथे माणूस राहूच शकत नाही तिथे माणसांनी भांडण बाजूला ठेवून एकत्र बसायची रीत घातली, आणि हे महाशक्तींनी केलं, एकमेकांवर अणुबाँब रोखलेले असताना केलं. मीही पहिली काही वर्षं हेच सांगितलं. मग युक्रेनचं युद्ध सुरू झालं. उत्तर ध्रुवाभोवतीच्या आठ देशांची एक परिषद आहे. त्यातल्या सात जणांनी आठव्याबरोबर, म्हणजे रशियाबरोबर, बसणं थांबवलं. त्या आठवड्यात मी सहकार्यावरचं प्रकरण शिकवत होतो. मी ते पूर्ण केलं. परीक्षेत त्यावर प्रश्न येणार होता.

पुढे अमेरिकेला ग्रीनलँड हवं आहे ही बातमी आली. गेली, पुन्हा आली. मुलं मोबाईल पुढे करून विचारत, "सर, ले लेगा क्या?" मी म्हणे, पता नहीं. सुरुवातीला असल्या बातम्यांनी मला त्रास होत असे. मॅडमच्या वाक्यांचं काय करायचं हा प्रश्न पडत असे. नंतर तो पडेनासा झाला. दाढ काढायच्या आधी सुई दिली की आपला गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं काहीतरी झालं होतं. मी शिकवत होतो, नकाशे काढत होतो, हजेरी घेत होतो.

या वेळच्या सत्रात मुलं आणखी कमी झाली. प्राचार्यांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. मी बसलो तेव्हा त्यांनी आधी पाणी मागवलं.

"इतने कम बच्चों में पेपर चलाना मुश्किल है," ते म्हणाले. "अगली अध्ययन मंडल की बैठक में यह बात आएगी. मैं रोक नहीं पाऊँगा."

"जी सर."

"आप एक काम करिए. वो जो आपका प्रोग्राम होता है, बर्फ वाला, उसको इस बार ढंग से करिए. बढ़िया संकल्प पारित हो, अखबार में आए. मेरे हाथ में कुछ हो तो मैं सबको दिखाऊँ."

बर्फवाला प्रोग्राम म्हणजे आमची मॉक बैठक. तीही मॅडमनीच सुरू केली होती. प्रत्येक विद्यार्थी एक देश होतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात काय चालू द्यायचं यावर खऱ्या बैठकीत जशी चर्चा होते तशी चर्चा करायची. मतदान नसतं. प्रस्ताव वाचून झाला की अध्यक्ष विचारतात, कोणाची हरकत? कोणी काही बोललं नाही तर निर्णय झाला. एकाने जरी हात वर केला, तर नाही झाला. मग तो देश केवढाही असो. मॅडम टेबलावर लाकडी डस्टर आपटून निर्णय सांगत.

प्रस्ताव नेहमीचाच होता. पूर्व अंटार्क्टिकाजवळच्या समुद्राचा मोठा भाग मासेमारीला बंद करायचा. तिथे क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारके जीव असतात. व्हेल आणि पेंग्विन त्यांच्यावर जगतात आणि मोठाली जहाजं ते जाळ्यांनी उपसून नेतात. खऱ्या बैठकीत हा प्रस्ताव वर्षानुवर्षं येतो आणि रशिया आणि चीन तो अडवतात. आमच्या हॉलमध्ये मात्र तो दर वर्षी पास होत असे. चार वाजत आले की सगळ्यांना बसगाड्या आठवत आणि सगळे देश राजी होत. मॅडम म्हणत, "आपल्या पोरांना भांडण टिकवता येत नाही. चांगलं आहे एका अर्थी."

देश चिठ्ठ्या टाकून वाटत असू. या वेळी रशिया एका मुलीला आला. तिच्या घरचं सराफ्यात छोटं सोन्याचं दुकान. घरी मराठी बोलत, पण तिला ती समजे जास्त आणि बोलता येई कमी. अर्ध्या वाक्यात हिंदी शिरे. माझ्याशी मात्र ती हट्टाने मराठीत बोले. चिठ्ठी निघाल्यापासून ती दर दोन दिवसांनी विभागात येऊ लागली.

"सर, रूस काहून नाही मानत?"

मी सांगितलं. मासेमारी हे एक कारण. दुसरं म्हणजे समुद्र एकदा बंद केला की तो पुन्हा उघडायलाही सगळ्यांची सहमती लागेल, आणि ती कधी मिळायची नाही, ही भीती. आणि तिसरं, त्यांना वाटतं की इतरांना जिथे सोयीचं तिथेच निसर्ग आठवतो.

"मतलब त्याचं पण बरोबर आहे?"

"त्याच्या जागेवरून पाहिलं तर."

"तर मग मी त्याच्याच जागेवर बसणार आहे ना," ती म्हणाली आणि फाईल उचलून गेली.

बैठकीच्या दिवशी सगळं प्राचार्यांना हवं तसं होतं. दीपप्रज्वलन, बॅनर, हार. मॅडम महाराजपूरच्या घरून शाल घेऊन आल्या आणि अध्यक्षांच्या खुर्चीत बसल्या. आमच्या कॉलेजचं बातम्यांचं काम हिंदी विभागातल्या एका सहकाऱ्याकडे होतं. बैठक सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता तेव्हा ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाईसाहब, प्रेस नोट भेज दिया है. फोटो शाम को डाल दूँगा."

मी मान हलवली. यात नवीन काही नव्हतं. आमच्याकडे कार्यक्रम व्हायच्या आधीच त्याची बातमी जाते, कारण वर्तमानपत्रांना ती दुपारीच हवी असते. मुख्य अतिथींनी काय सांगितलं, श्रोत्यांनी किती टाळ्या वाजवल्या, आभार कोणी मानले, सगळं आधी लिहिलेलं असतं. आणि ते बहुधा खरंही निघतं, कारण कार्यक्रमात दुसरं काही होतच नाही.

ऑस्ट्रेलिया बोलला. भारताने पाठिंबा दिला. फ्रान्स म्हणजे एनसीसीतला एक मुलगा, त्याने सगळं पाठ केलं होतं आणि छातीवर हात ठेवून म्हणून दाखवलं. चीनने आधी हरकत घेतली, पण चहाची सुट्टी झाली तेव्हा बॅग खांद्याला लावून माझ्याकडे आला.

"सर, मझौली की आखिरी बस निकल जाएगी. चीन मान गया."

"अध्यक्ष को बताओ, मुझे नहीं."

"बता दिया सर. हँसने लगीं."

राहिला रशिया. ती कोपऱ्यात कागदाच्या बशीत समोसा घेऊन उभी होती आणि फाईल बगलेत होती.

"मग? काय ठरलं?" मी विचारलं.

"सर, मी नाही मानून राहिली."

"सगळंच नाही म्हणायला पाहिजे असं नाही. काहीतरी मागून बघ."

"मागितलं ना. मी म्हटलं बंद करा, पण काही सालांसाठी. त्याच्यानंतर फिर बैठक. फ्रान्स ऐकतच नाही."

मी फ्रान्सला बोलावलं. म्हटलं, थोडं बदल.

"सर, मेरे वाले में हमेशा के लिए लिखा है."

"तो बदल लो न."

"याद किया हुआ है सर. एक लाइन बदली तो आगे का सब भूल जाऊँगा."

"देखा?" ती म्हणाली. "आणि सगळे म्हणतात रूस जिद्दी आहे."

फ्रान्स जायला वळला आणि जाता जाता म्हणाला, "तू अपनी दुकान में भी ऐसे ही ग्राहक भगाती होगी."

"ग्राहक मोलभाव करते हैं," ती म्हणाली. "तेरे जैसे रट के नहीं आते."

तो गेला. आम्ही दोघंच राहिलो. मला तिला सांगता आलं असतं की हा प्रस्ताव पास झाला तर हा पेपर राहतो, आणि पेपर राहिला तर मी राहतो. वाक्य तयार होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बहुधा चेहऱ्यावर काही दिसलं असावं, कारण ती म्हणाली, "सर, तुम्ही म्हणाल तर मानते मी."

"रशियाला काय वाटतं ते बघ," मी म्हणालो. "मी कोण सांगणारा?"

यात काही मोठेपणा नव्हता. वर्षभर वर्गात जे बोललो होतो तेच तोंडातून निघालं, दुसरं काही निघेना. ती बशी ठेवून जागेवर जाऊन बसली.

मॅडमनी प्रस्ताव वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "किसी को आपत्ति है?" आणि त्यांच्या सवयीप्रमाणे एकेका देशाकडे पाहत गेल्या. रशियाचा हात वर होता.

हॉलमध्ये हशा पिकला. मागून कोणी ओरडलं, "अरे मान जा, बस छूट जाएगी!" प्राचार्य मंचावरून पुढे वाकले आणि प्रेमाने म्हणाले, "बेटा, मान जाइए. सबके भले की बात है."

ती उभी राहिली. "सर, रूस के भले की नहीं है."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तासिकांचं मी त्यांना सांगितलेलं होतं. त्यांच्या हातात बरंच काही होतं. त्या म्हणू शकत होत्या, वेळ झाली, रशियाचं म्हणणं नोंदवून घेतो आणि प्रस्ताव पास करतो. हॉलमध्ये कोणाला त्यातला फरक कळला नसता. त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

"सहमति नहीं बनी," त्या म्हणाल्या, आणि डस्टर आपटलं. खडूची पूड त्यांच्या शालीवर उडाली.

त्यानंतर प्राचार्यांचं भाषण होतं. ते लिहून आणलेलं होतं. "आज यहाँ जो ऐतिहासिक संकल्प पारित हुआ है," असं त्यांनी वाचलं, आणि टाळ्या पडल्या. मुलांनीही वाजवल्या. चीनची जागा रिकामी होती.

मी मॅडमना ऑटोने महाराजपूरला सोडायला गेलो. ऑटो अधारतालला पोचला.

"वाईट वाटलं का तुला?" मग त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"खरं सांग."

"खरंच. काहीच वाटलं नाही."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एखादं पान तपासायला घ्यावं तसं. "हे मात्र वाईट आहे," त्या म्हणाल्या. मग ऑटोवाल्याला, "भैया, अगली गली से बाएँ."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. अंटार्क्टिकाच्या समुद्राच्या रक्षणाचा संकल्प सर्वसंमतीने पारित. प्राचार्यांचा फोटो, मॅडमचा फोटो, आणि उभ्या राहिलेल्या त्या मुलीचा फोटो. त्याखाली लिहिलं होतं, संकल्प का समर्थन करतीं छात्रा.

प्राचार्यांनी मला बोलावून पेढा दिला. "देखा? मैंने कहा था, हो जाएगा." त्यांना खरंच आनंद झाला होता. कटिंग त्यांनी फाईलला लावायला पाठवलंही होतं. "अब बैठक में मैं देख लूँगा. बस आप रिपोर्ट बनाकर दे दीजिए, दो पन्ने की. मूल्यांकन वाली फाइल में लगेगी."

मी विभागात आलो तर ती मुलगी वाट बघत बसलेली. वर्तमानपत्र घडी घालून हातात.

"सर, असाच एक पेपर बाबांनी दुकानात काउंटरच्या काचेखाली लावून ठेवला आहे. जो येतो त्याला दाखवून राहिले. लेकीने समुद्र वाचवला म्हणतात."

"मग चांगलंच आहे की."

"पण सर, मी तर नाही म्हटलं होतं ना?"

"हो."

"तुम्ही ऐकलं होतं ना?"

"ऐकलं."

"बस," ती म्हणाली. "मला वाटलं मीच काही गलत बोलली की काय."

तिने आणखी काही मागितलं नाही. चुकीची बातमी सुधारून द्या असंही म्हणाली नाही. ती गेल्यावर मी रिपोर्ट लिहायला घेतला. कोणत्या देशाने काय मांडलं, चीन कधी राजी झाला, रशियाने मुदतीची अट घातली, फ्रान्सने ती मान्य केली नाही. शेवटच्या परिच्छेदाशी आलो. तिथे काय लिहायचं हे प्राचार्यांना आणि वर्तमानपत्राला आधीच माहीत होतं, माझीही त्याला ना नव्हती. पण मॅडमकडे ज्याने इतके शनिवार पानं तपासून घेतली त्याच्या हाताला न झालेली गोष्ट झाली असं लिहिता येईना. मी लिहिलं, रशियाच्या हरकतीमुळे सहमती झाली नाही. सही केली आणि नेऊन दिला.

प्राचार्यांनी तो माझ्यासमोरच वाचला.

"यह क्या है?"

"सर, यही हुआ था."

"वो ठीक है. पर कटिंग में कुछ और है, रिपोर्ट में कुछ और. एक ही फाइल में दोनों कैसे लगेंगे?"

त्यांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला.

"एक लाइन की बात है," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मैं आपके लिए ही कह रहा हूँ."

"मालूम है, सर."

ते माझ्याकडे पाहत राहिले. बहुधा त्यांना वाटत होतं की मी कशासाठी तरी अडून बसलो आहे, आणि ते काय हे कळलं तर सोडवता येईल. मला तरी कुठे माहीत होतं? शेवटी त्यांनी रिपोर्ट टेबलाच्या खणात ठेवला. फाईलला दोन्ही लागली नाहीत. कटिंगही काढून घेतलं असं नंतर ऑफिसातून कळलं.

अध्ययन मंडळाची बैठक जानेवारीत झाली. मला बोलावलं होतं, कारण पेपर मी शिकवत होतो. बाहेर चांगलं ऊन होतं आणि आत खोलीत सगळे स्वेटर घालून बसले होते. आमचा मुद्दा मधे कुठेतरी होता. विद्यार्थीसंख्या कमी, पुढल्या सत्रापासून पेपर बंद. प्राचार्यांनी वाचून दाखवलं आणि विचारलं, "किसी को कुछ कहना है?"

कोणाला काही म्हणायचं नव्हतं. हिंदी विभागातले सहकारी खिडकीबाहेर बघत होते. मी हात वर केला.

"सर, मुझे आपत्ति है."

सगळे माझ्याकडे वळले. मी ठरवून आलो होतो असं नाही. उभा राहिलो आणि बोललो. म्हणालो की जगातले मोठे देश पुढची पन्नास वर्षं ज्या जागेवरून भांडणार आहेत, ती ही जागा आहे. बर्फ वितळतो आहे, वाटा उघडत आहेत, आणि जे करार आहेत ते सगळ्यांनी बसायचं मनावर घेतलं तोवरच टिकलेले आहेत. आपल्या देशालाही त्या टेबलावर जागा आहे. आपल्या मुलांना निदान ते टेबल कुठे आहे हे माहीत असावं. आवाज माझाच होता, पण दुसऱ्या खोलीतून यावा तसा ऐकू येत होता.

सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एका वयस्कर बाईंनी मानही डोलावली.

"बहुत अच्छी बात कही आपने," प्राचार्य म्हणाले. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. "पर आप आमंत्रित हैं न. अतिथि विद्वान की आपत्ति कार्यवाही में नहीं आती. नियम है. सदस्यों में से किसी को?"

सदस्यांमधून कोणीच नाही.

"तो सर्वसम्मति."

पुढचा मुद्दा नवीन वॉटर कूलर कुठे बसवायचा हा होता. त्यावर दोन गट पडले आणि बरीच चर्चा झाली. मग चहा आला. मी तो प्यालो.

बाहेर येऊन बाबांना फोन केला. चक्की चालू होती, मोठ्याने बोलावं लागत होतं.

"बंद झाला पेपर."

"कोणी बंद केला?"

"सगळ्यांनी."

"कोणीच काही बोललं नाही?"

"मी बोललो."

"मग?"

"माझं धरत नाहीत ते."

त्यांनी चक्की बंद केली असावी. एकदम शांत झालं.

"काहून?" ते म्हणाले. "तू तर तिथं शिकवून राहिला ना?"

"मेपर्यंत," मी म्हणालो. "सत्र संपेपर्यंत."

पलीकडे कोणीतरी गिऱ्हाईक आलं होतं. बाबा त्याला म्हणाले, "रुको भैया, लड़के से बात कर रहा हूँ, कॉलेज में है." मग चक्की पुन्हा सुरू झाली नाही, आणि फोनही कोणी ठेवला नाही.